जनरलसाहेबांनी कधीच न खाल्लेली कोंबडी

न्यू जर्सीतल्या मॉलच्या फूड कोर्टात शिरलं की आधी गाठ पडते ती टूथपिकशी. चिनी काउंटरच्या पुढे उभी असलेली बाई टूथपिकला टोचलेला चिकनचा तुकडा थेट तुमच्या नाकासमोर धरते. तुकडा तपकिरी, चकचकीत, गुळाच्या पाकातून नुकताच बाहेर काढल्यासारखा. मी तो खाल्ला, पुढे गेलो, बुटांच्या दुकानाला वळसा घातला आणि आयुष्यात प्रथमच इकडे येतोय असा चेहरा करून दुसरा घेतला. तिसऱ्या फेरीला भाच्यानं दंड धरला.

"मामा, पुरे आता. आणि हे काही खरं चायनीज नाहीये."

"मग खरं कुठे मिळतं?"

"पुण्याला. आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवर."

पोरगं चेष्टा करत नव्हतं. मी पाटी पाहिली. पदार्थाचं नाव 'बर्बन चिकन'. बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की. म्हणजे चिनी काउंटरवर अमेरिकन दारूच्या नावाची कोंबडी, ती वाटणारी बाई स्पॅनिशमध्ये बोलणारी, आणि ती खोटी असल्याचा निकाल देणारा पुण्याच्या गाडीला प्रमाण मानणारा मराठी मुलगा. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. अमेरिकन फास्ट फूडच्या पाटीवरल्या पदार्थांचं मूळ मात्र जरूर शोधावं. इतकी फुकट करमणूक दुसरीकडे नाही.

जनरल आणि ब्रोकोली

अमेरिकेतल्या चिनी 'टेक-आउट'चा राजा म्हणजे 'जनरल त्सोज चिकन'. कुरकुरीत तळलेलं, लालसर गोड-तिखट रसात घोळवलेलं. ज्यांच्या नावानं ते विकतात ते जनरल त्सो, म्हणजे झुओ झोंगतांग, खरोखरीचे सेनापती. हूनान प्रांतातले, १८८५ साली वारले. हा पदार्थ जन्मला त्यांच्यानंतर सत्तरेक वर्षांनी, आणि तोही चीनमध्ये नव्हे, तैवानमध्ये. हूनानचाच एक आचारी, पेंग चांग-कुई, १९४९ साली राष्ट्रवादी सरकारबरोबर तैवानला गेला. १९५०च्या दशकात एका अमेरिकन ॲडमिरलच्या मेजवानीसाठी काहीतरी नवीन करायचं म्हणून त्यानं कोंबडी तळली आणि आपल्या मुलखातल्या शूर माणसाचं नाव तिला देऊन टाकलं. मिसळीला 'बाजीराव मिसळ' म्हणावं आणि बाजीरावांना पत्ताही नसावा, तसं.

त्या मूळ कोंबडीत साखर नव्हती. ती आंबट, खारट, लसणाची, झणझणीत. १९७०च्या दशकात पेंगसाहेब न्यूयॉर्कला गेले तर त्यांचंच अपत्य तिथे आधीच पोहोचलेलं, आणि साखर खाऊन गुटगुटीत झालेलं. दुसऱ्यांनी तैवानला जाऊन पदार्थ चाखला, परत येऊन अमेरिकन जिभेला रुचेल असा केला आणि मेन्यूवर चढवला होता. पेंग यांच्या हॉटेलात परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यायचे, त्यामुळे नाव दुमदुमलं. पण खरी गंमत पुढे आहे. १९९०च्या सुमारास त्यांनी हूनानची राजधानी चांगशा इथे हॉटेल काढलं. सेनापतीचा मुलूख, आचाऱ्याचा मुलूख, पदार्थाचं नाव तिथलंच. न्यूयॉर्कची सवय लागलेली कोंबडी चाखून लोक म्हणाले, फार गोड आहे. हॉटेल बंद पडलं. पेंग २०१६ साली ९८व्या वर्षी गेले. उतारवयात त्यांना अमेरिकेतल्या 'जनरल त्सो'चे फोटो दाखवले गेले तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं. सगळ्यात खटकली ती बशीतली ब्रोकोली.

कारण ब्रोकोली चिनी नाहीच, इटलीची. अमेरिकेत ती इटालियन स्थलांतरितांनी १९२०च्या दशकात बाजारात रुजवली. चिनी भाषेत तिच्या नावातच 'पाश्चात्त्य' हा शब्द आहे. तरी आज 'बीफ अँड ब्रोकोली' हे चिनी जेवणाचं चित्र म्हणून कोट्यवधी अमेरिकन डोक्यांत पक्कं बसलंय.

तीच गोष्ट त्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या डब्याची. तारेची कडी, चौकोनी तोंड, बाजूला लाल पॅगोडा. सिनेमात नायक रात्री एकटा नूडल्स खातो तो डबा. १८९४ साली शिकागोच्या एका संशोधकानं त्याचं पेटंट घेतलं आणि त्याला म्हणायचे 'ऑयस्टर पेल', म्हणजे कालवं नेण्याची बादली. किनाऱ्यावरची कालवं न गळता घरी न्यायची सोय. पुढे कालवांचा धंदा ओसरला, चिनी हॉटेलांचा वाढला, आणि बादलीनं धनी बदलला. पॅगोडा छापला गेला तो १९७०च्या दशकात. चीनमध्ये हा डबा कोणी वापरत नाही.

चिनी नशीब, जपानी बिस्कीट

बिल आलं की बशीत येते फॉर्च्यून कुकी. दुमडलेलं पोकळ बिस्कीट, आत भविष्याची चिठ्ठी. नंदीबैलाची मान हलावी तसं भविष्य: तुमचं भलं होईल, प्रवास घडेल. चिनी ज्ञानाचा असा आविष्कार दुसरा नाही, फक्त चीननं तो पाहिलेला नाही.

बिस्कीट जपानी आहे. क्योटोजवळ फुशिमीच्या देवळाच्या परिसरात पिढीजात दुकानं आजही लोखंडी साच्यांत तसली बिस्किटं भाजतात. आकारानं मोठी, रंगानं काळपट, पिठात तीळ आणि मिसो. चिठ्ठी पोटात न ठेवता घडीत खोचलेली. यासुको नाकामाची या जपानी संशोधिकेनं वर्षानुवर्षं जुने कागद उपसून १८७८ सालचं एक चित्र शोधून काढलं. त्यात माणूस शेगडीवर हीच बिस्किटं भाजतोय. कॅलिफोर्नियात ही कला जपानी बेकऱ्यांनी नेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानी उद्यानातल्या चहागृहात ती मिळायची.

मग ती चिनी कशी झाली? १९४२ साली. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिकेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं. बेकऱ्या बंद पडल्या. बिस्किटाची मागणी तशीच राहिली आणि ती भागवली चिनी कारखानदारांनी. चटपटीत मजकुरात ही ओळ गोड लागत नाही, पण पदार्थाची जात बदलायला कधी कधी एक सरकारी हुकूम पुरतो.

आता गोड भाग. ३० मार्च २००५ ला पॉवरबॉल लॉटरीची सोडत निघाली आणि दुसऱ्या क्रमांकाचे विजेते निघाले ११०. एरवी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. अधिकाऱ्यांना वाटलं, घोटाळा आहे. एकेकाला विचारायला सुरुवात केली, आकडे कुठून मिळाले? उत्तर एकच: फॉर्च्यून कुकी. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या 'वाँटन फूड' कारखान्यानं चिठ्ठीमागे छापलेल्या सहा आकड्यांपैकी पाच तंतोतंत लागले होते. सहावा चाळीस छापलेला, निघाला बेचाळीस. ८९ जणांना प्रत्येकी १ लाख डॉलर मिळाले, २१ जणांनी जास्तीचे पैसे भरले होते म्हणून त्यांना ५ लाख. अमेरिकन लॉटरीत नशीब उघडणारं चिनी म्हणवणारं जपानी बिस्कीट! याच कंपनीनं १९९०च्या दशकात ही कुकी चीनमध्ये विकून पाहिली. चाललं नाही. फारच अमेरिकन वाटते म्हणे.

हॉटेल काढा, माणूस आणा

अमेरिकेत चिनी हॉटेलं ४० हजारांच्या आसपास आहेत. मॅकडोनाल्डची दुकानं त्याच्या निम्मीही नाहीत. एवढी हॉटेलं कशी उगवली, याचं उत्तर स्वयंपाकघरात नाही, कायद्याच्या पुस्तकात आहे. १८८२च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली. व्यापाऱ्यांना मात्र ये-जा करता यायची, आणि बायकापोरं, नातलग आणता यायचे. १९१५ साली एका न्यायालयानं हॉटेलमालकाला व्यापाऱ्यांत जमा केलं. झालं! चुलते-पुतणे, मेहुणे-साडू मिळून भांडवल काढू लागले, आळीपाळीनं 'मालक' होऊ लागले. ज्यानं गावी कधी चूल पेटवली नव्हती तोही कढई धरायला शिकला. अशा माणसाकडून अस्सल प्रांतीय पाककलेची अपेक्षा करणं म्हणजे रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये पंगतीचा आग्रह धरणं. गिऱ्हाइकाला गोड हवं तर गोड, हाडं नकोत तर हाडं नाहीत, कोंबडीचे पाय पाहून किंचाळतात तर पाय आतल्या माणसांना.

मॉलमधलं चिनी जेवण हे त्यापुढचं पाऊल. 'पांडा एक्स्प्रेस' १९८३ साली कॅलिफोर्नियात ग्लेनडेलच्या मॉलमध्ये सुरू झालं. मालक अँड्र्यू चर्न मूळचे चीनमधल्या यांगझौचे, त्यांचे वडील कसलेले आचारी. पत्नी पेगी यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. केलेली, त्यांनी कॉम्प्युटर लावून साठा आणि हिशेब अशा शिस्तीत आणला की एका दुकानाची दोन हजारांवर दुकानं झाली. तिथली जगप्रसिद्ध 'ऑरेंज चिकन' १९८७ साली अँडी काओ या त्यांच्याच आचाऱ्यानं हवाईत असताना बनवली. मालक चिनी, आचारी चिनी, कढई चिनी. पदार्थ चिनी की अमेरिकन? मला विचाराल तर त्या तुकड्याला कडक नोकरी करून गलेलठ्ठ पगार मिळवणाऱ्या दुसऱ्या पिढीचा वास येतो.

रस्त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या पलीकडे

चिनी काउंटर झाला, आता मेक्सिकन. सॅन बर्नार्डिनो हे कॅलिफोर्नियातलं लॉस एंजेलिसच्या पूर्वेचं, जुन्या 'रूट ६६' वरचं शहर. मॅकडोनाल्ड बंधूंनी पटापट हॅम्बर्गर देण्याची आपली युक्ती १९४८ साली इथंच सुरू केली. त्याच शहरातल्या मेक्सिकन वस्तीत माउंट व्हर्नन ॲव्हेन्यूवर १९३७ पासून 'मित्ला कॅफे' नावाचं घरगुती हॉटेल होतं. तिथला खास पदार्थ कडक टाको: टॉर्टिया, म्हणजे मक्याची पोळी, घडी घालून तळायची, आत खिमा, वर बारीक चिरलेला सॅलडचा पाला, टोमॅटो आणि किसलेलं पिवळं चेडर चीज.

समोरच रस्त्यापलीकडे ग्लेन बेल नावाच्या तरुणाची बर्गर आणि हॉट डॉगची टपरी. बेल रोज पाहायचा, मित्लासमोर रांग लागते. तो तिथे जेवू लागला. घरी जाऊन टॉर्टिया तळायचा उद्योग करू लागला. ओळख वाढली तसा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. मित्लात टॉर्टिया मागणीप्रमाणे एकेक तळायचे. बेलनं तारेच्या साच्यात एकदम अनेक तळून आधीच तयार ठेवायची तऱ्हा काढली. स्वतःच्या टपरीवर टाको १९ सेंटला ठेवला. पहिल्या गिऱ्हाइकाचा किस्सा तो पुढे आयुष्यभर सांगायचा: सुटातला माणूस, पहिला घास घेताच रस बाहीवरून ओघळला, टायवर गेला. बेलला वाटलं आता हा भांडणार. तो परत आला आणि म्हणाला, अजून एक द्या.

१९६२ साली डाउनी इथे 'टाको बेल' उघडलं. बेल हे आडनाव, पण नशीब असं की त्याचा अर्थ घंटा. छपराशी कमानी आणि घंटा लावून जुन्या स्पॅनिश मिशनचा थाटही झाला. टाको बेलमध्ये मेक्सिकन काय आहे, असं एखाद्या मुंबईकराला विचारलं तर तो एका शब्दात उत्तर देईल, आणि तोच शब्द कंपनीच्या चिन्हावर लटकतोय. १९७८ साली पेप्सिकोनं ८६८ दुकानांसकट ती विकत घेतली. आज दुकानं सात हजारांवर आहेत.

मित्ला कॅफे एकच आहे. त्याच रस्त्यावर, अजून चालू.

इथे एक वळण घ्यायला हवं, कारण 'कडक टाको ही गोऱ्यांनी केलेली भेसळ' असं म्हणणारे शहाणे उंटावरून खाली उतरत नाहीत. टॉर्टिया घडी घालून तळायच्या यंत्राचं पेटंट न्यूयॉर्कमध्ये १९५० साली निघालं. ते घेणारा हुवेन्सियो माल्दोनादो स्वतः मेक्सिकन, ओआहाकाचा. मेक्सिकोत तळलेले 'टाकोस दोरादोस' होतेच. आणि 'टाको आल पास्तोर', म्हणजे उभ्या सळईवर फिरणाऱ्या मांसाचे तलम काप मऊ टॉर्टियात घालून देतात तो अस्सलातला अस्सल मेक्सिकन टाको? ती फिरती सळई लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांच्या शावर्म्याची. पिवळं चेडर मित्लाच्या मेक्सिकन बायकांनीच घातलं होतं, कारण कॅलिफोर्नियाच्या वाण्याकडे तेच मिळायचं. सातासमुद्रापार गेलेली मराठी बाई पुरणपोळीला पेस्ट्रीचं पीठ वापरते आणि 'चालतंय की' म्हणते, तितकंच ते अस्सल.

टाको बेल मेक्सिकोत दोनदा गेलं. १९९२ साली पहिल्यांदा, दोन वर्षांत गाशा गुंडाळला. २००७ साली मॉन्टेरेजवळ पुन्हा, या वेळी सावधपणे: आम्ही मेक्सिकन नाही, अमेरिकन आहोत, असा पवित्रा. कडक टाकोला 'टाकोस्तादा' हे नाव, सोबत फ्रेंच फ्राइज. २०१० मध्ये तेही आटोपलं. मेक्सिकन लोकांना टाको विकणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा शिकवण्यासारखंच.

शेजारच्या टेक्सासात याहून मजेदार प्रकार घडला. तिथल्या 'टेक्स-मेक्स' जेवणाचं नावच मुळी आगगाडीचं: टेक्सास मेक्सिकन रेल्वेचा तो संक्षेप होता. आणि टेक्स-मेक्स जेवणाचा तो ओळखीचा जिरं-मिरचीचा वास बाटलीत भरला विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरितानं. १८९०च्या दशकात त्यानं मिरची सुकवून, दळून, मसाला करून विकायला काढली, म्हणजे 'चिली' हा मांसाचा तिखट रस्सा वर्षभर रांधता येऊ लागला. आपल्याकडे कांदा-लसूण मसाल्यावरून घराघरांत वाद होतो. तिकडे तो वाद एका जर्मन माणसाच्या कारखान्यानं मिटवला.

मेक्सिकन फोडणीची पोळीही आहे. डिस्नेलँडमधल्या 'कासा दे फ्रितोस' या हॉटेलात उरलेल्या टॉर्टिया फेकून न देता तुकडे करून, तळून, मसाला भुरभुरून विकल्या जाऊ लागल्या. हात चाटत लोक पुन्हा मागू लागले. १९६६ साली तेच देशभर बाजारात आलं: डोरिटोज. २०१२ साली टाको बेलनं डोरिटोजचंच कवच करून टाको विकला. शिळ्याची चिप, चिपचा टाको. सासरी गेलेली लेक जावयासकट माहेरी परतली.

माननीय न्यायालयासमोर बरीटो

अस्सल काय, याचा निकाल लागत नसेल तर कोर्टात जावं, ही अमेरिकन रीत. २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एका शॉपिंग सेंटरमधल्या सँडविचवाल्या साखळीनं दावा लावला: इथे दुसरं सँडविच दुकान येणार नाही असा करार होता, मग बरीटोवाल्यांना जागा कशी दिली? न्यायाधीशांनी शब्दकोश उघडला, आचाऱ्यांच्या साक्षी पाहिल्या आणि सांगितलं, सँडविचला ब्रेडचे दोन काप लागतात, बरीटो म्हणजे सारण गुंडाळलेली एकच टॉर्टिया. सबब बरीटो हे सँडविच नव्हे. २०२४ साली इंडियाना राज्यात फोर्ट वेनच्या न्यायाधीशांनी नेमकं उलट ठरवलं. टाको आणि बरीटो ही 'मेक्सिकन धर्तीची सँडविचेस' आहेत. या वेळी त्यामुळे एका टाकोवाल्याला दुकान थाटता आलं, म्हणून तोही खूश. आपल्या न्यायालयांनी वडापाव सँडविच आहे का हा प्रश्न अजून हाती घेतलेला नाही, हे बरंच.

'टाको ट्यूसडे', म्हणजे दर मंगळवारी टाको, ही तर प्रथाच झालीय. या दोन शब्दांचा ट्रेडमार्क १९८९ पासून 'टाको जॉन्स' या साखळीकडे होता. ही साखळी वायोमिंगची. वायोमिंग म्हणजे बर्फ, गुरं आणि काऊबॉय. टाको बेलनं मोहीम उघडली, तेव्हा २०२३ मध्ये टाको जॉन्सनं हक्क सोडून दिला. आता मंगळवार सर्वांचा.

नाव सोनूबाई

आता भराभर.

'क्रॅब रंगून' रंगूनचं नाही. पोटात क्रीम चीज असलेला हा तळलेला वाँटन कॅलिफोर्नियात वाढला. 'ट्रेडर व्हिक्स' या साउथ-सी थाटाच्या हॉटेलांनी त्याला प्रसिद्धी दिली. आणि स्वस्त दुकानात त्यातला खेकडासुद्धा बहुधा माशाच्या लगद्याचा असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात तो हाच.

मॅकडोनाल्डचा 'सेझवान सॉस' १९९८ साली 'मूलान' या डिस्नेपटाच्या जाहिरातीसाठी थोडे दिवस आला आणि गेला. २०१७ साली एका कार्टून मालिकेत त्याची आठवण निघाली, कंपनीनं एका दिवसासाठी तो परत आणला, आणि पुड्या कमी पडल्यावर काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. सिचुआन प्रांतातल्या त्या जीभ बधिर करणाऱ्या मिरीचा त्यात मागमूस नव्हता. होता तो गोड सॉस. (आपल्या गाड्यांवरच्या लालभडक शेजवानला हसायचं काम नाही, तिथेही मिरी औषधाला नसते.)

पेपरोनी पिझ्झा इटलीत मागवाल तर ढोबळी मिरची घातलेला पिझ्झा येईल. 'पेपेरोनी' म्हणजे तिकडे मिरच्या. मसालेदार सॉसेजला हे नाव अमेरिकेत पडलं. 'हवाईयन पिझ्झा' १९६२ साली कॅनडात एका ग्रीक माणसानं केला. पिझ्झा हट १९५८ साली कॅन्सास राज्यात दोन कॉलेजकुमार भावांनी आईकडून ६०० डॉलर उसने घेऊन काढलं. आणि डॉमिनोज? २०१५ साली थेट इटलीत, मिलानला. शेकडो दुकानांचा बेत होता. २०२२ मध्ये शटर खाली.

'स्रिराचा'ची ती कोंबडा छापलेली हिरव्या टोपणाची बाटली घ्या. नाव थायलंडमधल्या गावाचं. बनवणारे डेव्हिड ट्रॅन व्हिएतनाममधून आलेले चिनी वंशाचे निर्वासित. कंपनीचं नाव 'हुई फाँग', म्हणजे ज्या जहाजातून ते देश सोडून निघाले ते जहाज. मिरची मेक्सिकन जातीची हालपेन्यो. कारखाना लॉस एंजेलिसजवळ, सुरुवात १९८०. कोंबडा, कारण त्यांचा जन्म चिनी पंचांगातल्या कोंबड्याच्या वर्षातला. या बाटलीचा पासपोर्ट कोणत्या रंगाचा, सांगा.

न्यूयॉर्कच्या ५३व्या रस्त्यावर सहाव्या ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर तीन इजिप्शियन माणसांनी १९९० साली हॉट डॉगची गाडी लावली. त्यांच्या ध्यानात आलं, रात्रपाळीचे टॅक्सीवाले इजिप्शियन, पाकिस्तानी, बांगलादेशी. त्यांना हॉट डॉग नको, हलाल मांस आणि भात हवा. गाडी पालटली. पिवळा भात, चिकन, वर पांढरा सॉस. 'हलाल गाइज' आता साखळी आहे. हा भात ना इजिप्तचा, ना पाकिस्तानचा, ना आणखी कुणाचा. तो रात्री दोन वाजताच्या मॅनहॅटनचा आहे, आणि त्या घटकेला तो जगात सर्वांत अस्सल लागतो.

अजिनोमोटोची बदनामी

पुण्या-मुंबईच्या हॉटेलात 'अजिनोमोटो नको हं' असं दटावून सांगणारी माणसं आपण पाहिलीयत. त्या भीतीचा उगम अमेरिकेत. १९६८ साली रॉबर्ट हो मॅन क्वॉक या डॉक्टरांचं एक पत्र 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं: चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, कारण काय असावं? त्यांनी सोया सॉस, दारू, मीठ आणि मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच आपलं अजिनोमोटो, अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या. लोकांनी शेवटची तेवढी उचलली. 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' नावाचा आजारच जन्मला. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत सामान्य जेवणातल्या प्रमाणानं तसं काही सातत्यानं आढळलं नाही. दरम्यान तीच पांढरी पूड डोरिटोजमध्ये होती, तळलेल्या चिकनमध्ये होती, डबाबंद सूपमध्ये होती. चिप्सचं पाकीट रिकामं करून मान धरणारा अमेरिकन कुणी पाहिला नाही.

आणि आपण?

आपल्या वाट्याला 'चाय टी' आली. म्हणजे चहा-चहा. आणि 'नान ब्रेड', म्हणजे पाव-पाव. कपावर 'चाय' लिहिलेल्या त्या दालचिनीच्या गरम खिरीला चहा म्हणवत नाही, आणि मी तिथे नाक मुरडणार तेवढ्यात वडापावची आठवण झाली. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, मिरची अमेरिका खंडाची, पोर्तुगिजांनी गोव्यामार्गे आणलेली. पाव हा शब्दच पोर्तुगीज. महाराष्ट्राच्या अस्सल अभिमानाची तिन्ही अंगं परदेशी. तीच गत गोव्याच्या विंदालूची: पोर्तुगीज 'विन्या द'आल्योश', वाइन नि लसूण. तिखट त्यात नंतर पडलं. पाश्चात्त्य मुलखात त्यात लोक बटाटे शोधतात, कारण आलू!

परतायच्या आदल्या रात्री भाचा म्हणाला, चला, आता खरं चायनीज खाऊ. एडिसन गावातल्या एका 'इंडो-चायनीज' हॉटेलात घेऊन गेला. मालक सिंधी, आत मेक्सिकन आचारी, भिंतीवर ड्रॅगन. मेन्यूवर मंचुरियन, जे १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी केलं. आणि त्याखाली 'अमेरिकन चॉपसुई'.

ही चॉपसुई म्हणजे दक्षिण चीनमधल्या माणसांची 'उरलंसुरलं एकत्र' अशी सरमिसळ. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत गेली, विसाव्याच्या सुरुवातीला तिथे तिचं वेड लागलं. मग ती हिंदुस्थानात आली, तळलेल्या नूडल्स आणि टोमॅटो केचपमध्ये न्हाली, आणि आपण तिला अमेरिकन ठरवून मोकळे झालो. आता ती न्यू जर्सीत परत आली होती, खास भारतीय पदार्थ म्हणून. भाच्याबरोबर त्याची बोस्टनची मैत्रीण होती. नाव वाचून ती खुलली. 'ही तर आमच्या शाळेत मिळायची.' न्यू इंग्लंडमध्ये अमेरिकन चॉपसुई म्हणजे मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटो. तिनं मागवली.

बशी आली. कुरकुरीत नूडल्सचं घरटं, त्यावर लालभडक गोड रस्सा. ती बशीकडे बघत राहिली, मॅकरोनी शोधत. वेटर थांबला होता. त्यानं विचारलं, "वर अंडं घालू का?"

"घाल," भाचा म्हणाला, "त्याशिवाय अस्सल होत नाही."